एकशे बेचाळीस नंबरची बाटली

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मारोतराव भोयरांनी बायकोपासून एकच गोष्ट लपवली, आणि तीही जेमतेम चार आठवडे. त्याहून जास्त त्यांना जमलंच नसतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या चिंचमाळला ठाऊक होतं.

चिंचमाळ हे घाटंजीपासून नऊ किलोमीटरवरचं गाव. भोयरांचं सात एकर वावर. खालच्या काळ्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तिच्यात तुरीची तासं, वरच्या तुकड्यात सोयाबीन. मुलगा अंकुर पुण्याला नोकरीत रमलेला, त्यामुळे घरात दोघंच, मारोतराव आणि शकुबाई. दोघांचं भांडण सकाळच्या चहाला सुरू व्हायचं आणि दुपारच्या चहाला मिटायचं. मधल्या वेळात दोघं एकाच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून एकाच डब्यातली भाकर खायची.

गेल्या पोळ्यानंतर गावात संशोधनाची माणसं आली. शहरातल्या एका मेडिकल कॉलेजाने हे काम हाती घेतलं होतं. विषय होता बीपी. आधी आशाताई बबिताने घरोघरी फिरून चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी मोजलं. मारोतरावांचं वरचं एकशे चौसष्ट भरलं, शकुबाईंचं एकशे अडुसष्ट.

"यातही माह्या वरच राह्यली तू," मारोतराव म्हणाले.

"तुमच्यापायीच वाढलं ते," शकुबाई म्हणाल्या.

मग एके दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलात सगळ्यांना बोलावलं. स्कूटीवर एक तरतरीत मुलगी आली. सुरभी तिचं नाव, उमरखेडची, वय पंचवीस-सव्वीस. दर महिन्याला येऊन बीपी मोजायचं आणि गोळ्या वाटायच्या, हे तिचं काम. त्या एका दिवसात तिला अडतीस माणसांच्या सह्या घ्यायच्या होत्या आणि प्रत्येकाचा फॉर्म होता अकरा पानांचा.

तिने वाचायला सुरुवात केली. "सदर अभ्यासात सहभागींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात येईल. सदर अभ्यास दुहेरी अंध स्वरूपाचा आहे."

मारोतरावांनी हात वर केला. "अंध म्हनजे? डोळ्यावर जाते का ही गोळी?"

हॉलात हशा पिकला. सुरभीही हसली. "नाही काकाजी. म्हणजे कोणाला कोणती गोळी मिळाली ते तुम्हाला पण माहीत नसतं आणि आम्हाला पण. डोळ्यांना काही होत नाही."

"मंग ठीक आहे," मारोतराव म्हणाले आणि त्यांनी सही केली. शकुबाईंनीही केली. सातव्या पानापर्यंत पोचता पोचता सुरभीचा आवाज बसला होता आणि ऐकणाऱ्यांचे डोळे पेंगुळले होते. त्या सातव्या पानावर काय लिहिलंय, हे कोणीच नीट ऐकलं नाही.

दोघांना पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या मिळाल्या. मारोतरावांच्या बाटलीवर नंबर एकशे एकेचाळीस, शकुबाईंच्या बाटलीवर एकशे बेचाळीस. आत सारख्याच पांढऱ्या गोल गोळ्या. रोज सकाळी चहानंतर एक घ्यायची. बाटल्या देवळीत शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या.

पहिला महिना सरला. मारोतरावांचं बीपी एकशे अठ्ठेचाळीसवर आलं. शकुबाईंचं होतं तिथेच. दुसऱ्या महिन्यात मारोतराव एकशे तीसवर उतरले, शकुबाई एकशे चौसष्ट.

"काकू, मीठ कमी केलं का?" सुरभीने विचारलं.

"केलं ना बाई. लोणचं त सोडूनच देल्लं."

ते खरं होतं. मारोतराव साक्षीदार होते. लोणच्याची बरणी शकुबाईंनी स्वतः शेजारी नेऊन दिली होती. तरी दुपारी त्यांचं डोकं ठणकायचं. कापूस वेचता वेचता त्या मध्येच कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. आजवर शकुबाईंना असं थांबलेलं मारोतरावांनी पाहिलं नव्हतं. या बाईने अंकुरच्या जन्माच्या आदल्या दिवशीही वावरात निंदण केलं होतं.

बाजाराच्या दिवशी मारोतराव घाटंजीला गेले. तिथे हॉटेलात त्यांचा जुना मित्र पूनमसिंग राठोड भेटला. पूनमसिंगचा भाचा कुठल्याशा औषधांच्या दुकानात कामाला होता, त्यामुळे औषधांच्या बाबतीत पूनमसिंगचा शब्द अखेरचा, असं पूनमसिंगचंच म्हणणं होतं.

"अरे, ह्या रिसर्चमध्ये असंच असते मारोती," तो बशीत चहा ओतत म्हणाला. "अर्ध्या लोकायले असली गोळी, अर्ध्यायले नकली. नुसता खडू. पाहाचं असते त्यायले, खडू खाऊन मानूस राह्यते का जाते."

"खडू?"

"खडू! तुह्यं उतरलं ना? मंग तुले असली. वहिनीचं नाई उतरलं? मंग समजून घे."

मारोतरावांना पुढचा चहा गोड लागला नाही. घरी येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. आपल्या वाट्याला औषध आणि शकूच्या वाट्याला खडू. वर रोज सकाळी आपण दोघं शेजारी बसून घेतो. ती खडू गिळते आणि आपण औषध.

सुरभी पुढच्या खेपेला येईपर्यंत थांबणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी बबिताच्या फोनवरून तिला गाठलं. "पोरी, खरं सांग. मले कोनती अन् तुह्या काकूले कोनती?"

"काकाजी, मला खरंच माहीत नाही. माझ्या साहेबांनाही नाही."

"मंग कोनाले माहीत आहे?"

"कॉम्प्युटरला."

कॉम्प्युटरशी बोलण्याची सोय नव्हती. मारोतरावांनी फोन परत दिला आणि त्याच संध्याकाळी, शकुबाई दळण आणायला गेल्या असताना, ते कामाला लागले. त्यांनी दोन ताटल्या घेतल्या. एकीत एकशे एकेचाळीसच्या गोळ्या ओतल्या, दुसरीत एकशे बेचाळीसच्या. मग उलट भरल्या. झाकणं लावली, बाटल्या होत्या तशा ठेवल्या, ताटल्या धुऊन पालथ्या घातल्या. आयुष्यात त्यांनी घरातली ताटली कधी धुतली नव्हती. शकुबाईंनी आल्या आल्या त्या ओल्या ताटल्या पाहिल्या आणि विचारलं, "काय सांडलं?"

"काईच नाई. धुवून टाकल्या. तुह्या हाताले आराम."

शकुबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवसापासून मारोतरावांनी नवा नेम धरला. चहा झाला की ते स्वतः उठायचे, एकशे बेचाळीसमधली गोळी काढून शकुबाईंच्या तळहातावर ठेवायचे, पाण्याचा गडवा पुढे करायचे आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोर उभे राहायचे.

"मी काय लेकरू आहो का?" पहिल्या दिवशी शकुबाई म्हणाल्या. "ठेवा तठी, घेते मंग."

"मंग नाई. आत्ता."

"अजी, पन भांडे..."

"भांडे पळून नाई जाऊन राह्यले."

शकुबाई त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायच्या आणि गोळी घ्यायच्या. ती नजर कौतुकाची आहे, असं मारोतरावांना वाटायचं. तिच्यात आणखीही काही होतं, पण ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग ते आपली गोळी घ्यायचे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने खडू, आणि मिशा पुसत वावराकडे निघायचे. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचं डोकं जड व्हायला लागलं. बैलगाडीत कापसाची गाठोडी टाकताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते चाकाला धरून खाली बसले. पण त्याच आठवड्यात शकुबाई दुपारभर न थांबता वेचत होत्या, आणि वेचता वेचता गुणगुणत होत्या. मारोतरावांनी डोक्याला उपरणं गच्च आवळलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

महिना भरला. सुरभी आली. शकुबाईंचं बीपी तिने तीनदा मोजलं. एकशे बत्तीस. मारोतरावांचं तीनदा मोजलं. एकशे साठ.

"अरे वा!" मारोतराव शकुबाईंच्या आकड्यावर म्हणाले. स्वतःचा आकडा त्यांनी ऐकलाच नाही.

सुरभीने मशीनचा पट्टा सोडला, बाटल्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. तिने मागची पानं उलटली, पुन्हा पुढची. "काकाजी, दोघांचं असं एकदम उलट कसं झालं?"

"हवामान," मारोतराव म्हणाले.

सुरभीने संध्याकाळी कॉलेजात फोन केला. चार दिवसांनी एक जीप भोयरांच्या दारासमोर थांबली आणि तिच्यातून सुरभीबरोबर एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, खांद्याला कापडी झोळा. डॉक्टर गेडाम. या सगळ्या अभ्यासाच्या त्या प्रमुख. मुकुटबनकडच्या, एका शेतमजुराच्या घरातून शिकून इथवर आलेल्या. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी आधी पाणी मागितलं, मग यंदा कापसाला बोंडअळी किती लागली ते विचारलं.

त्या दिवशी शकुबाईंची बहीण कांताबाईही आलेली होती. कांताबाई चार कोसांवरच्या बेलोरीची. दोघी बहिणी बाजाराच्या दिवशी घाटंजीला भेटायच्या, पण गेल्या चार बाजारांत शकुबाईंशी नीट बोलणं झालं नव्हतं म्हणून ती घरीच आली होती. ती आतल्या दारात शेंगा फोडत बसली.

"भाऊ," डॉक्टर गेडाम म्हणाल्या, "मी तुमाले रागवाले नाई आली. एकच विचारते, खरं सांगजा. गोळ्यायचं काई केलं का?"

मारोतरावांनी खांबाकडे पाहिलं, कौलांकडे पाहिलं, सुरभीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्यांनी शकुबाईंकडे पाहिलं आणि त्यांचा चार आठवड्यांचा बांध फुटला.

"म्या बदलल्या," ते म्हणाले. "हिच्या मले, माह्या हिले. हिले खडू देल्ला होता तुमी, बाई. मी असली गोळी खाऊ अन् ही खडू खाईन? हे काई मले पटलं नाई. हिचं डोकं दुखे. मानूस म्हनून काय करन मंग?"

मग शकुबाई उठल्या.

"म्हनजे इतके दिवस तुमी खडू खाऊन राह्यले होते? माह्यासाठी? अन् त्या दिवशी गाडीजवळ बसले होते डोकं धरून, ते याच्यापायी? मले दिसलं होतं, बरं का! म्या विचारलं त म्हने, चपलेत काटा गेला!"

"काटाही होता."

"तुमाले काई झालं असतं म्हनजे? मी चांगल्या बीपीचं काय लोनचं घालू?" शकुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रागाने लावला की कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात आतल्या दारातून कांताबाई म्हणाली, "मंग माह्या गोळ्या त्याच्यानं बंद झाल्या का वं, शकू?"

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"कोनत्या गोळ्या?" डॉक्टर गेडामांनी विचारलं.

कांताबाई भोळी. तिला काही कळलं नव्हतं. "शकू बाजारात आनून द्याची ना. एक दिवस आपुन खाये, एक दिवसाची मले ठेवे. मलेही बीपी हाये बाई. आमच्या उपकेंद्रात चार महिने झाले गोळ्याच नाई आल्या. तुमचं संशोधन चिंचमाळात, आमच्या बेलोरीत नुसती पाटी."

आता पदर शकुबाईंनी तोंडावर ओढला. मारोतराव उठून उभे राहिले. "तू खातच नोती? अन् मी समजलो खडू?"

"खात होती. एक दिवसाआड."

"एक दिवसाआड! अन् मले म्हने, ठेवा तठी, घेते मंग!"

"तुमी समोर उभे राहून गिळाले लावाले लागले, मंग कांताले देऊ कशी? चार बाजार मी तिच्यापासून लपून राह्यली, ते मलेच माहीत!"

सुरभीने डोकं दोन्ही हातांत धरलं. डॉक्टर गेडाम मात्र हसायला लागल्या. आधी त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, मग झोळा बाजूला ठेवून मोकळेपणाने हसल्या, आणि त्यांचं बघून कांताबाईही कारण न कळता हसली. हसू ओसरल्यावर मात्र त्यांनी आवाज बदलला.

"आता आयका. एकाची गोळी दुसऱ्यानं खानं, हे चांगलं नाई. कांताबाईची किडनी कशी आहे, शुगर आहे का, काईच तपासलं नोतं. यातून वाईट झालं असतं. भाऊ, तुमी गाडीवरून पडले असते. नशीब चांगलं." मग त्यांनी तिथेच कांताबाईचं बीपी मोजलं, रक्त घेतलं, आणि बेलोरीच्या उपकेंद्रात गोळ्या का पोचत नाहीत ते तालुक्याला फोन लावून विचारलं. तिकडून जे उत्तर आलं ते ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तीन दिवसांत गोळ्या पोचतील असा शब्द त्यांनी घेतलाच.

"अन् दुसरं," त्या म्हणाल्या. "खडू कोनालेच नोता. दोन्ही बाटल्यायत औषधच आहे. एका गटाच्या बाटल्यायत नेहमीचं जुनं औषध, दुसऱ्या गटाच्या बाटल्यायत तीन औषधं थोडी थोडी एकत्र करून केलेली नवी गोळी. नवी जास्त चांगली का जुनी, ते पाहाचं आहे. तुमचं वाढलं ते गोळी बदलल्यानं का धाकधुकीनं, अन् बाईचं उतरलं ते गोळी बदलल्यानं का रोज खाल्ल्यानं, हे मलेही आत्ता सांगता येत नाई. अन् तीन महिन्यात बीपी उतरलं नाई, त जास्तीची गोळी आमीच देतो. ते सातव्या पानावर लिहिलेलं आहे. एक महिना थांबले असते, त बाईले मिळालीच असती."

मारोतराव खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "मांगं शेतीचे साहेब आलते आमच्याकडं. सोयाबीनचे दोन वाण घेऊन. म्या म्हटलं, नवीन वाण काळ्या रानात पेरा. साहेब म्हने, नाई, चिठ्ठी टाकू. आपल्या मनानं पेरलं त चांगल्या रानात आवडीचं वाण जाते, मंग गुण वाणाचा का रानाचा, समजत नाई. दोन्ही बियानंच होतं. एका पिशवीत बियानं अन् दुसऱ्या पिशवीत खडे, असं नोतं. तसंच हाये का हे?"

"तसंच," डॉक्टर गेडाम म्हणाल्या.

"अन् मी रातोरात पिशव्या बदलल्या."

"हाव. तेच केलं तुमी."

"मंग बाई, हे पयल्या दिवशी असं काहून नाई सांगतलं? ते यादृ... काय ते?"

डॉक्टर गेडामांनी सुरभीकडे पाहिलं. सुरभी हळूच म्हणाली, "मॅडम, मी त्या दिवशी अडतीस फॉर्म वाचले. शेवटी शेवटी मलाच काही कळत नव्हतं."

त्या दोघी निघाल्या तेव्हा मारोतरावांनी जीपजवळ जाऊन विचारलं, "या पोरीची नोकरी त नाई जानार? चूक माह्यी हाये."

"चूक फॉर्मची आहे," डॉक्टर गेडाम म्हणाल्या. "मी तसंच लिहिणार आहो."

त्यांनी खरोखर तसंच लिहिलं. असं काही घडलं की कॉलेजच्या एथिक्स कमिटीला कळवावं लागतं. माणसांवरच्या संशोधनात कोणावर अन्याय होऊ नये, हे बघायचं काम त्या कमिटीचं. महिनाभराने भोयरांच्या घरी पत्र आलं. कमिटीला त्यांच्याशी बोलायचं होतं, आणि जाण्यायेण्याचा खर्च कॉलेज देणार होतं.

"तुरुंगात त नाई टाकत?" मारोतरावांनी बबिताकडून पत्र दोनदा वाचून घेतलं.

दोघं एसटीने गेली. शकुबाईंनी लग्नकार्याची हिरवी साडी नेसली होती आणि मारोतरावांनी नवं धोतर. एका लांब टेबलाभोवती नऊ माणसं बसलेली. त्यात एक वकीलबाई, चार डॉक्टर, आणि सदाशिवराव नावाचे एक निवृत्त शिक्षक. सदाशिवराव सामान्य माणसांच्या वतीने बसायचे, पण सहा वर्षांत त्यांनी फॉर्ममधल्या शुद्धलेखनापलीकडे काही दुरुस्त केलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच हसत सांगितलं.

एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "या दोघांना अभ्यासातून काढून टाकावं. यांची माहिती आता उपयोगाची नाही."

डॉक्टर गेडाम म्हणाल्या, "नाही काढता येणार. ज्याच्या नावाने जी बाटली निघाली, त्याच्याच नावाने मोजायचं. उद्या ही गोळी खेड्यापाड्यात जाईल तेव्हा लोक असंच वागतील. कोणी बहिणीला देईल, कोणी बायकोशी बदलेल. जी माणसं बिलकुल चुकत नाहीत त्यांच्यावर गोळी तपासून आपल्याला काय कळणार?"

बराच वाद झाला. मारोतरावांना त्यातलं निम्मंच कळलं, पण डॉक्टर गेडाम आपल्या बाजूने भांडत आहेत एवढं कळलं. शेवटी दोघांना ठेवायचं ठरलं. मग वकीलबाईंनी मारोतरावांना विचारलं, "आजोबा, फॉर्म कसा असायला हवा?"

मारोतरावांनी सोयाबीनच्या दोन वाणांची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चिठ्ठीसकट. सदाशिवराव वहीत उतरवून घेत होते.

"अन् मले एक विचाराचं हाये," शकुबाई म्हणाल्या. "तुमचं संशोधन झालं. समजा नवी गोळी चांगली निघाली. मंग ती आमच्या उपकेंद्रात येनार का? बेलोरीत येनार का?"

तरुण प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

"ते आमच्या हातात नाही, बाई," डॉक्टर गेडाम म्हणाल्या. "सरकारी यादीत औषध बसवायला वेळ लागतो. त्यावर मोठ्या लोकांत वाद आहेत. कोणी म्हणतं एकच गोळी सोपी पडते, कोणी म्हणतं जुनी गोळी तर आधी नीट पोचवा. आम्ही लिहू, भांडू. पण येईलच असं मी सांगितलं तर ते खोटं होईल."

"मंग तेच लिहा," शकुबाई म्हणाल्या. "येईनच असं नाई, असं लिहा. पयल्याच पानावर, मोठ्या अक्षरात. मानसाले समजलं पाह्यजे आपून कायले अंगठा देऊन राह्यलो ते. आमी बहिनीसाठी उपाशी राहू, पन आमाले फसवू नोका."

वकीलबाई म्हणाल्या, "हे लिहायलाच हवं." आणि ते लिहिलं गेलं.

निघताना मारोतरावांनी डॉक्टर गेडामांना बाजूला घेतलं. "आता त सांगा. एकशे बेचाळीसमदी कोनती होती?"

"अभ्यास संपला की सांगते, भाऊ. दोन वर्षं आहेत अजून. मलेही माहीत नाई."

"म्हनजे दोन वर्षं जगाच लागते."

"लागतेच," शकुबाई मागून म्हणाल्या. "अन् गोळी माह्यासमोर खा लागते."

आता तो नेम दोन्ही बाजूंनी चालू आहे. तिसऱ्या महिन्यात बीपी चढलेलं होतं म्हणून जास्तीची गोळी मारोतरावांना मिळाली, शकुबाईंना तिची गरज पडली नाही. सकाळी चहा झाला की दोघं एकमेकांसमोर बसतात, ती त्याच्या हातावर त्याच्याच बाटलीतली गोळी ठेवते, तो तिच्या हातावर तिच्या बाटलीतली, आणि दोघं एकमेकांचा घसा बघतात.

या उन्हाळ्यात अभ्यास बेलोरीलाही सुरू झाला. सुरभीने मारोतरावांना मुद्दाम बोलावलं. नवा कागद दोनच पानांचा होता आणि एका वेळी सहा माणसांनाच बसवायचं असं ठरलं होतं. कांताबाई त्यात नव्हती, तिला उपकेंद्रातून दर महिन्याला गोळ्या मिळत होत्या, तरी ती पुढेच येऊन बसली. सुरभी वाचायची, थांबायची, विचारायची, "काय समजलं, सांगा बरं मला." वाणांची गोष्ट आली तेव्हा मारोतरावांनी मध्येच तोंड घालून काळ्या रानाचं वर्णन वाढवलं.

शेवटी विमलताई नावाच्या एका बाईने विचारलं, "मी नाई म्हटलं, त माह्या आत्ताच्या गोळ्या बंद होतीन का?"

"नाही. त्या चालूच राहतील."

"अन् सही केल्यावर मंग नोको वाटलं त?"

"तेव्हा सोडता येईल. कारणही सांगावं लागणार नाही."

विमलताईंनी कागदाची घडी केली. "मंग मी घरी विचारते, चार दिवस विचार करते."

"करा," सुरभी म्हणाली. "मी गुरुवारी पुन्हा येते." आणि तिने पेनाला टोपण लावलं.

मारोतरावांनी पाहिलं, त्या दिवशी सहांपैकी दोघांनीच सह्या केल्या होत्या, आणि तरी ही पोरगी अडतीस सह्यांच्या त्या दिवसापेक्षा भलतीच खुशीत होती. तिच्या स्कूटीवर मागे बसून चिंचमाळला परतताना त्यांनी तिला त्याचं कारण विचारलंही. वाऱ्यात तिचं उत्तर त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी ते दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण तोवर घर दिसायला लागलं होतं आणि शकुबाई दारात उभ्या होत्या.